अमेरिकन फुटबॉलमध्ये कोचने चौथ्या डाउनला जुगार खेळावा का?

हो, खेळावा. आज खेळतात त्याहूनही जास्त वेळा. फक्त तुमच्या प्रश्नातला 'जुगार' हा शब्द मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हेच माझं उत्तर आहे.

मी 14 वर्षं मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या जवळ राहतोय. आमच्या घरात रविवार म्हणजे डेट्रॉईटच्या लायन्स संघाचा सामना. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना 10 यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. 10 यार्ड झाले की नवे चार मिळतात. चौथाही फसला तर चेंडू जिथे असेल तिथून समोरच्या संघाचा. म्हणून तीन डाउन वाया गेले की कोच सहसा पंट करतात, म्हणजे चेंडू लाथेने लांब पाठवून देतात, किंवा अंतर आवाक्यातलं असेल तर फील्ड गोल मारून, म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून धाडून, 3 गुण घेतात. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' असते, तिथे चढाईपटूला सुटका नाही. इथे सुटका आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पंट फुकट नसतो. चेंडू तुमच्याकडे आहे, एक डाउन शिल्लक आहे, आणि ते दोन्ही देऊन तुम्ही 40 एक यार्ड जमीन घेता. हा सौदा कधी चांगला असतो, कधी फार वाईट. पण त्याला कोणी जुगार म्हणत नाही, कारण त्यातलं नुकसान त्या क्षणी डोळ्यांना दिसत नाही.

15 नोव्हेंबर 2009 चा सामना घ्या. इंडियानापोलिसमध्ये तिथल्याच कोल्ट्सविरुद्ध पेट्रियट्स 34-28 ने पुढे होते, दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरला होता. चौथा डाउन, दोन यार्ड हवे, आणि चेंडू स्वतःच्याच 28 यार्डांवर, म्हणजे स्वतःच्या गोलरेषेपासून फक्त 28 यार्ड पुढे. पेट्रियट्सचे कोच बिल बेलिचिक यांनी पंट केला नाही. पास झाला, झेलही झाला, पण खेळाडू जेमतेम यार्डभर कमी पडला. पेटन मॅनिंग हा ज्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, त्या कोल्ट्सनी 35-34 ने सामना काढला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर: बेलिचिकला झालं काय?

आता हाच प्रसंग शंभर वेळा आला असं समजा, आकडे साधारण धरू. दोन यार्ड 60 वेळा मिळतील, आणि मिळाले की सामना जवळपास खिशात. उरलेल्या 40 वेळा कोल्ट्सना चेंडू गोलच्या जवळ मिळेल, त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त वेळा ते टचडाउन करतील, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेतील, आणि सामना जिंकतील. म्हणजे पेट्रियट्स हरणार 20-22 वेळा. पंट केला तर मॅनिंगला सुमारे 70 यार्ड जावं लागेल, आणि ते तो 30 एक वेळा तरी जाईल. काही लोक म्हणतात की मॅनिंगसारख्याच्या हाती चेंडू इतक्या जवळ द्यायचाच कशाला? पण तो इतका भारी असेल तर 70 यार्डही त्याला जड नाहीत, आणि मग पंट आणखीच वाईट ठरतो. बेलिचिक त्या रात्री हरले, तरी त्यांचा निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणतो.

बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी 2006 साली यावर शोधनिबंध छापला. त्यांच्या हिशोबाने ज्या 1,068 चौथ्या डाउनना लाथ न मारता पुढे जाणं फायद्याचं होतं, त्यांपैकी 959 वेळा संघांनी चेंडू लाथाडून दिला. एवढ्या वेळा गणित चुकत नसतं. माझ्या मते कारण दुसरं आहे. पंट करून हरलात तर खेळाडू हरले. पुढे जाऊन हरलात तर कोच हरला. नोकरी ज्याची, त्याला ही दुसरी हार परवडत नाही.

आमच्या घरात हे 28 जानेवारी 2024 ला अनुभवलं. लायन्स कधीच सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, गेले नव्हते, आणि त्या दिवशी मध्यंतराला फोर्टीनाइनर्सविरुद्ध 24-7 ने पुढे होते. मग 24-10 असताना लायन्सचे कोच डॅन कॅम्पबेल यांनी समोरच्यांच्या 28 यार्डांवर दोन यार्डांसाठी चौथा डाउन खेळला. पास हातात येऊन सुटला. शेवटच्या पंधरा मिनिटांत 27-24 ने मागे असताना पुन्हा तीन यार्डांसाठी तेच, पुन्हा अपयश. शेवट 34-31. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता, रडत विचारत होता, "बाबा, ते तीन गुण का नाही घेतले?" मी त्याला सांगितलं की ते गुण कोणी ताटात वाढून ठेवले नव्हते, 45 यार्डांवरून लाथ मारायची होती आणि तीही चुकते. आणि ज्या धाडसाने हा संघ तिथवर आला, तेच ऐनवेळी सोडायचं कसं? मला कॅम्पबेलची खरी चूक वाटते ती शेवटच्या मिनिटातली. गोल एका यार्डावर असताना तिसऱ्या डाउनला त्यांनी चेंडू घेऊन पळायला लावलं, ते अडलं, आणि घड्याळ थांबवायचा मोलाचा टाइमआउट गेला. त्याबद्दल फार कोणी बोलत नाही.

प्रत्येक वेळी पुढे जा असं मी म्हणत नाही. स्वतःच्या 20 यार्डांवर आठ यार्ड हवे असतील तर निमूट पंट करा. पुढची फळी दिवसभर मार खात असेल तर एक यार्डही लांब असतो. पण मैदानाच्या मधल्या पट्ट्यात, दोन-तीन यार्डांसाठी, पंट करणाऱ्या कोचला मी कारण विचारेन.

पुढचा सामना बघाल तेव्हा चौथ्याऐवजी तिसऱ्या डाउनकडे लक्ष द्या. सात यार्ड हवे असताना संघ पास न करता चेंडू घेऊन पळाला आणि चार-पाच यार्डांवर समाधानी दिसला, तर बहुधा चौथाही खेळायचं हे त्या कोचचं आधीच ठरलेलं असतं. समोरच्या बचावाला मग पासही रोखायचा आणि धावही. कॅम्पबेलचे लायन्स असे कितीदा तरी खेळले, आणि ते बघताना आमच्या घरात तिसऱ्या डाउनलाच सगळे उठून उभे राहतात.