जुना सॅटेलाइट चालू असताना समुद्राची उंची मोजायला नवा का पाठवतात?

तुमचं म्हणणं असं की सेंटिनेल-६ मालिकेतला पहिला सॅटेलाइट ठणठणीत असताना नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसरा कशाला उडवला, पहिला बंद पडल्यावर पाठवला असता तर काय बिघडलं असतं. बरंच बिघडलं असतं. मी मुंबईत याच डेटावर काम करतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती आहे म्हटलं की हिंदमातासारख्या सखल भागातले दुकानदार आधीच माल वर उचलून ठेवतात, पण जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी वाढतेय ती वर्षाला जेमतेम ३-४ मिलिमीटर, आणि ती मोजायची १३३६ किलोमीटरवरून! रडारचा पल्स पाण्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं, हवेतल्या बाष्पामुळे झालेला उशीर वजा करायचा, आणि सॅटेलाइट स्वतः त्या क्षणी किती उंचीवर होता हेही सेंटिमीटरच्या हिशोबात माहीत हवं, नाहीतर सगळं मुसळ केरात. सुट्या मापातली चूक लाखो मापांच्या सरासरीत विरते, पण इन्स्ट्रुमेंटचा स्वतःचा जो कायमचा फरक असतो ना तो नाही विरत. नवा सॅटेलाइट सगळीकडे एक सेंटिमीटर जास्त दाखवत असेल तर वाटेल समुद्र एका रात्रीत तीन वर्षांएवढा चढला.

म्हणून दुकानदार जसा नवा काटा आणल्यावर तोच माल दोन्ही काट्यांवर तोलून बघतो तसं इथे करतात. २०२० मध्ये गेलेला पहिला सेंटिनेल-६ वर्षाहून जास्त काळ त्याच्या आधीच्या जेसन-३ या सॅटेलाइटच्या मागे फक्त ३० सेकंदांनी, त्याच मार्गावरून फिरत होता. ३० सेकंदात समुद्र काय बदलणार, म्हणजे मापात जो फरक येईल तो इन्स्ट्रुमेंटचा. १९९२ च्या टोपेक्स-पोसायडन या सॅटेलाइटपासून ही साखळी अशीच जोडत आणलीय. आपल्या अपोलो बंदरच्या टाइड गेजची, म्हणजे किनाऱ्यावर पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राची, नोंद तर १८७८ पासूनची आहे, सोन्यासारखी, पण ती एकाच जागेची, तीही तिथल्या जमिनीच्या तुलनेत.

आणि सॅटेलाइट कधी दगा देईल ते कोणी सांगावं? टोपेक्स १३ वर्षं चालला, युरोपचा एनव्हिसॅट मात्र एप्रिल २०१२ मध्ये अचानक गप्प झाला. त्याच्या कक्षेत जायचा होता आपला इस्रो आणि फ्रान्सचा सरल, तो फेब्रुवारी २०१३ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेला, मधले दहा महिने कोरे आणि दोघांना शेजारी उडवायची संधीच गेली. जेसन-२ तेव्हा वर होता म्हणून दोघांची मापं त्याच्याशी ताडून बघता आली, तो नसता तर फार अवघड झालं असतं.

राहिला पैशांचा प्रश्न. जुना काही भंगारात जात नाही हो. जुळवणी झाल्यावर जेसन-३ ला थोडं सरकवून मधल्या मार्गांवर नेला, कारण विषुववृत्तावर दोन शेजारच्या मार्गांमध्ये ३०० किलोमीटरच्या वर अंतर असतं आणि तिथले प्रवाह, भोवरे एकट्याच्या नजरेतून निसटतात, तेच मग दोघं मिळून टिपतात.