जुनी जिप्सी: घूं आणि टक्, डिफरन्शिअल उघडण्याआधी काय बघावं

तुमची मारुती जिप्सी (एमजी ४१३) ताशी पन्नासच्या पुढे घूं करते, क्लच सोडताना टक् वाजतं आणि गॅरेजवाला क्राऊन-पिनियन (डिफरन्शिअलमधली, म्हणजे ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या पेटीतली, दात्यांची जोडी) बदला म्हणतोय. तो खर्च सध्या थांबवा. हे दोन्ही आवाज एकाच जागेतून येतात असं धरून चालू नका.

जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, मुळातच थोडा गातो. हाय रेंजमध्येही (नेहमीच्या वेगाच्या गिअरात) ताकद त्यातून थेट जात नाही, गिअरांतून फिरून जाते (४१३ला हायचं गुणोत्तर १.४०९). तेव्हा बारीक सूर सोडून द्या. जो आवाज नव्याने आला किंवा वाढला, तोच शोधायचा.

मोकळ्या रस्त्यावर ६०ला जाऊन क्लच दाबा, न्यूट्रल करा. आवाज इंजिनाबरोबर उतरला तर क्लच आणि गिअरबॉक्स बघा. तसाच राहिला तर दोष त्यामागे ट्रान्सफर केस, शाफ्ट, डिफरन्शिअल किंवा चाकांत. रेस दिली की एक सूर आणि सोडली की दुसरा, असं असेल तर पिनियनचं बेअरिंग किंवा दात. डांबरी, सिमेंट असा रस्ता बदलला की आवाज बदलतो? मग टायर; जाड नक्षीचे टायर तर हमखास फसवतात. स्टिअरिंग हलकं डावीकडे नेल्यावर आवाज वाढला तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग.

पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर हबचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती खुंटी). ही तपासणी दोन मिनिटांची, तरी बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही.

यापुढे फोर-व्हील असल्याचा फायदा घ्या. मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या (ट्रान्सफर केसपासून डिफरन्शिअलपर्यंतचा दांडा) दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा, प्रत्येकी चार बोल्ट काढा आणि शाफ्ट खाली घ्या. चाकांना ओंडके लावूनच. शाफ्ट निघाला की टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) गिअरवर गाडी थांबत नाही. मग फोर-हाय (चारही चाकांना ताकद) टाका, फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर लॉक करा आणि फक्त पुढच्या चाकांवर सावकाश चालवून बघा. आवाज पूर्ण गेला तर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे) किंवा लोडखालचा पिनियन. कायम राहिला तर मागचं बेअरिंग किंवा टायर, कारण चाकं अजूनही डिफरन्शिअल फिरवतच आहेत.

शाफ्ट हातात असताना क्रॉस चारही दिशांना वाकवून बघा. कुठे अडकला, किंवा टोपीपाशी तांबडी पूड दिसली, तर तो कोरडा पडलाय. नवा टाकल्यावर चारही टोप्यांतून ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा. जोडताना शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. स्लिप जॉइंट (शाफ्टचा लांब-आखूड होणारा सांधा) एक दात जरी सरकून बसला तरी थरथर सुरू होते, आणि मग पुन्हा डिफरन्शिअलवर संशय.

टक् मात्र बऱ्याचदा ट्रान्सफर केसच्या रबरी माउंटिंगमधून येतं. हा केस गिअरबॉक्सपासून वेगळा, तीन रबरांवर टांगलेला असतो. पहारीने हलकं उचला. रबर फाटलं असेल तर केस उडी मारतो. फोर-व्हीलचा दांडा आपोआप सुटत असेल तर याच रबरांवर पहिला संशय घ्या.

पूर्ण वळवताना पुढून कटकट आली तर सीव्ही जॉइंट (वळलेल्या पुढच्या चाकाला ताकद देणारा सांधा). तो मातीवरच तपासा. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये शाफ्ट ताणले जातात आणि चांगली गाडीही कुरकुरते.

तेल काढण्याआधी तेल भरायचा वरचा फिलर प्लग सुटतो का बघा, नाहीतर तेलाविना गाडी पुढे नेता येणार नाही. मागच्या डिफरन्शिअलमध्ये साधारण दीड लिटर, पुढच्यात दोन, ट्रान्सफरमध्ये पाऊण ते एक लिटरच्या मध्ये. तेल काढायच्या प्लगवर बारीक राखाडी लेप चालतो. बोटाला टोचणारे तुकडे नाहीत चालत. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, ब्रीदर (हवा जाण्याची नळी) साफ करा.

आणि कोणी पिनियनचा नट आणखी आवळून खेळ काढतो म्हणाला तर नको म्हणा. आतला स्पेसर चेपतो, बेअरिंगवर दाब वाढतो आणि चांगलं बेअरिंग जळतं.