वाचकांचे प्रश्न: सिग्नल स्मार्ट झाला, मग चौक का तुंबतो?

प्रश्न: नमस्कार सर, पुण्यात आमच्या चौकात कॅमेरेवाला नवा सिग्नल बसवलाय, गाड्या बघून तो आपापला टाईम ठरवतो म्हणे. पण संध्याकाळी तीन-तीनदा हिरवा होऊन जातो आणि आम्ही तिथंच. त्यापेक्षा शिट्टीवाले मामा बरे होते. मग एवढा खर्च कशाला केला?

उत्तर: चिडचिड होणारच, पण आधी हा सिग्नल नेमकं करतो काय ते बघू. ह्याला ॲडॅप्टिव्ह सिग्नल म्हणतात आणि ह्याची दोन जुनी घराणी आहेत, एक सिडनीत १९७० च्या दशकात तयार झालेलं स्कॅट्स आणि दुसरं त्याच दशकात ब्रिटनमध्ये काम सुरू झालेलं स्कूट. दोन्ही रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावर चालायची, वरून गाडीचं लोखंड गेलं की वेटोळ्याला कळायचं. तिकडे गाड्या लेनमध्ये एकामागे एक येतात त्यामुळे हे जमून जातं, पण आपल्याकडे एका लेनच्या रुंदीत रिक्षा, तिच्या बाजूला बाईक, उरलेल्या फटीत अजून एक स्कूटर, आता वेटोळ्याने ह्यात मोजायचं कुणाला? म्हणून आपल्याकडे खांबावरून बघणारे कॅमेरे आले. त्यांनाही जोराचा पाऊस, रात्री समोरून येणारे हेडलाईट आणि बसच्या आड लपलेल्या बाईक ह्यांचा त्रास होतोच. आणि खोदकामात केबल तुटली किंवा कॅमेरा बंद पडला की सिग्नल चालवणारा कंट्रोलर गपचूप ठरलेल्या टायमिंगवर चालायला लागतो, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते कळतही नाही. बसवण्याच्या टेंडरइतकीच काळजी पुढच्या मेंटेनन्सच्या टेंडरची घेतली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता संध्याकाळचं बोलू. वेबस्टर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९५८ साली सिग्नलच्या पूर्ण फेरीचा, म्हणजे सगळ्या दिशांना एकेकदा हिरवा मिळून जाण्याचा, वेळ काढायचं एक सूत्र दिलं, ते आजही कॉलेजात शिकवतात. प्रत्येक दिशेची गर्दी त्या रस्त्याच्या क्षमतेच्या किती भागाएवढी आहे ते काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. दिशा बदलताना जो वेळ फुकट जातो तो एका फेरीत १२ सेकंद धरला आणि बेरीज ०.७ आली, तर फेरी साधारण ७७ सेकंदांची निघते. बेरीज ०.९ झाली की तीच फेरी २३० सेकंदांवर जाते, आणि बेरीज १ झाली की सूत्रच मोडतं. म्हणजे चौकात मावतील त्याहून जास्त गाड्या आल्या तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर त्या पार करू शकत नाही, फार तर रांग कुठल्या बाजूला उभी करायची तेवढं ठरवू शकतं. तुमचा चौक संध्याकाळी बहुतेक ह्याच अवस्थेत असणार. असा सिग्नल खरा कामाला येतो तो दुपारी, रविवारी, एक बाजू मोकळी आणि दुसरी भरलेली असते तेव्हा, आणि ओळीने चार-पाच चौक एकमेकांशी जुळवून हिरवा पुढे-पुढे सरकवायचा असेल तेव्हा.

मामांबद्दल मात्र तुम्ही अगदी बरोबर बोललात. मामा पुढचा चौक तुंबलेला बघतात आणि इकडच्या गाड्या सोडतच नाहीत. फक्त स्टॉप लाईनकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्याला पुढचं दिसत नाही, तो हिरवा देतो, गाड्या चौकाच्या मधोमध अडकतात आणि मग आडव्या रस्त्याचाही बट्ट्याबोळ. चौकातून बाहेर पडायचा रस्ता मोकळा आहे का हेसुद्धा सिस्टीमला दिसलं पाहिजे, आपल्या शहरांसाठी मला ही सगळ्यात मोठी गरज वाटते. आपल्या मिश्र ट्रॅफिकचा विचार करून तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक ह्या सरकारी संगणक संशोधन संस्थेने कोसिकॉस्ट नावाची देशी सिस्टीम केली आहे, बेंगळुरूने ती बऱ्याच चौकात लावली. परदेशी सॉफ्टवेअर आणून त्याला आपला रस्ता शिकवत बसण्यापेक्षा हा मार्ग मला जास्त पटतो.

प्रश्न: सर, माझी आई ७४ वर्षांची आहे, चालायला हळू. दवाखान्यासमोरचा रस्ता ती अर्धा ओलांडते तोवर हिरवा माणूस लुकलुकायला लागतो. ह्यावर टेक्नॉलॉजी काही करू शकते का?

उत्तर: करू शकते ताई, आणि ह्यात फार अवघड काही नाही. सिग्नलचं डिझाईन करताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे १८ मीटरच्या रस्त्याला १५ सेकंद. तुमच्या आई ०.८ मीटरने चालत असतील तर त्यांना साडेबावीस लागतील. मधले साडेसात सेकंद त्या गाड्यांच्या तोंडावर उभ्या. सिंगापूरमध्ये २००९ पासून ग्रीन मॅन प्लस म्हणून सोय आहे, ज्येष्ठ नागरिकांनी आपलं कार्ड खांबावर टेकवलं की हिरवा वेळ काही सेकंद वाढतो. पण दवाखान्यासमोर तर कार्डाचीसुद्धा गरज नाही, तिथला वेळ कायमचाच वाढवा आणि रस्त्याच्या मधोमध थांबायला सुरक्षित जागा द्या. वॉर्ड ऑफिस आणि ट्रॅफिक ब्रँच दोघांनाही लेखी द्या, त्यात रस्त्याची रुंदी आणि हिरव्याचे सेकंद मोजून लिहा. आकडे असलेला अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

प्रश्न: मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कॅमेरा दिसला की मी स्पीड कमी करतो, तरी चलान आलं. असं कसं?

उत्तर: कारण तिथे जुलै २०२४ पासून सुरू झालेली सिस्टीम सरासरी वेगही मोजते. एका कमानीवर नंबर प्लेट वाचली, पुढच्या कमानीवर परत वाचली, मधलं अंतर भागिले लागलेला वेळ. १० किलोमीटर ५ मिनिटात कापले तर तुमची सरासरी १२० झाली, कमानीखाली तुम्ही ८० ने गेलात तरी त्याने फरक पडत नाही. मैदानी भागात कारला मर्यादा १०० ची आहे, म्हणजे १० किलोमीटरला निदान ६ मिनिटं लागलीच पाहिजेत. कॅमेऱ्यापाशी अचानक ब्रेक मारू नका, मागच्या ट्रकला तेवढ्यात थांबता येत नाही.

प्रश्न: ॲपवर बस ‘५ मिनिटात’ दाखवते आणि पंधरा मिनिटं ५ च राहते. मग जीपीएस कशाला?

उत्तर: बस कुठे आहे हे जीपीएस नीट सांगतं, पण ती कधी येईल हे सांगणं वेगळं काम आहे. नव्याने रजिस्टर होणाऱ्या सार्वजनिक वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून लोकेशन डिव्हाइस आणि इमर्जन्सी बटण सक्तीचं आहे, त्यामुळे जागा कळते. उरलेलं अंतर नेहमीच्या वेगाने भागलं की ५ मिनिटं येतात, आणि बस जाममध्ये उभी असेल तर अंतर तेवढंच म्हणून मिनिटंही तेवढीच. आयआयटी मद्रासमध्ये चेन्नईच्या बसवर ह्याचा छान अभ्यास झालाय, नुकत्याच पुढे गेलेल्या बसना रस्त्याच्या त्या-त्या तुकड्याला किती वेळ लागला हे घेऊन मागच्या बसचा अंदाज सतत दुरुस्त करत राहायचं. पण मला तर ह्याही पुढचं हवंय. सिग्नलच्या हिशोबात एक बस दोन-तीन कारइतकी धरतात कारण ती तेवढी जागा घेते, आत पन्नास माणसं आहेत हे त्यात येतच नाही. बस चौकाजवळ आली की हिरवा थोडा लांबवायचा ही सोय परदेशात कितीतरी शहरांत आहे. बसमध्ये जीपीएस आहे, सिग्नल कंट्रोल रूमला जोडलेला आहे, ही दोन खाती एकमेकांशी बोलली तर आपल्याकडेही जमेल.

प्रश्न: मी सांगलीत सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ह्या विषयात प्रोजेक्ट करायचंय पण कॉलेजकडे महागडे सेन्सर नाहीत. काय करू?

उत्तर: सेन्सर नकोच. सीआरआरआय ह्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने काढलेलं इंडो-एचसीएम हे मार्गदर्शक पुस्तक आधी वाच, आपल्या रस्त्यांची क्षमता कशी काढायची ते त्यात आहे. मग एकच चौक घे, परवानगी काढून शेजारच्या गच्चीवर मोबाईल लाव आणि गर्दीच्या तासाचं शूटिंग कर. प्रत्येक हिरव्यात किती बाईक, रिक्षा, कार, बस गेल्या आणि लाल झाल्यावर मागे किती उरल्या ते हाताने मोज, कंटाळवाणं आहे पण नजर त्यातूनच तयार होते. वर सांगितलेली वेबस्टरची बेरीज काढ. १ च्या खाली आली तर टायमिंग बदलून फायदा आहे, तसं नवं टायमिंग काढून ट्रॅफिक शाखेला दाखव. वर गेली तर चौकालगतचा बसस्टॉप, वळणावरचं पार्किंग, उजवीकडे वळणाऱ्या गाड्या ह्यातलं नक्की काय चौक अडवतंय ते शोध, तुझं प्रोजेक्ट तेच.