स्मृतिदिन घरीच पाळू इच्छिणाऱ्या नवनिवृत्त दांपत्यास

आपण उभयता नुकतेच निवृत्त झाला आहात आणि गेलेल्या माणसाचा स्मृतिदिन घरीच शांतपणे घालवावा असा आपला विचार आहे, तो मला योग्य वाटतो. मात्र त्या दिवशी जुन्या छायाचित्रांची एकच पेटी उघडावी. आम्ही पहिल्या वर्षी सगळे अल्बम एकदम खाली काढले आणि दुपारपर्यंत इतके थकलो की एकमेकांशी बोलणेच राहून गेले.

छायाचित्रे भरपूर उजेडात, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी पाहावीत, कारण उन्हाने रंग उडतात. हात कोरडे असावेत आणि चित्र कडेनेच धरावे, नाहीतर बोटांचा तेलकटपणा पृष्ठभागावर राहतो. चिकट पानांच्या अल्बममधील चित्रे ओढून न काढता जागेवरच त्यांची मोबाइलवर प्रतिमा घ्यावी. जुन्या कागदी चित्रांच्या मागे नाव व साल लिहायचे झाल्यास मऊ शिसपेन्सिल वापरावी. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो; आमच्या सासूबाईंच्या कपाळावर ‘मे’ हे अक्षर उलटे उठलेले आहे, आणि तो प्रताप माझाच.

सालाबद्दल दोघांत मतभेद होतील, ते होऊ द्यावेत. माझ्या मते दिवसातला सर्वांत बोलका भाग तोच. एकाला रडू आले, तर दुसऱ्याने समजूत घालण्याची घाई न करता नुसते शेजारी बसावे. संध्याकाळी, गुडघे साथ देतील तितके, बरोबर फिरून यावे. पेटी मात्र माळ्यावर न टाकता कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवावी, कारण माळ्यावर उष्णता आणि ओल दोन्ही लागण्याची भीती असते.