धावताना बरगडीखाली चमक का भरते?

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आहे. शाळा सुटल्यापासून मी कधी धावले नव्हते. गेल्या दीड महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस सकाळी धावण्याचा सराव करते आहे. साधारण दहाव्या मिनिटाला उजव्या बरगडीच्या अगदी खाली सुरी खुपसल्यासारखी कळ येते. थांबले की दोन-तीन मिनिटांत ती जाते, पण पुन्हा धावू लागले की परत येते. अशक्तपणा वाटू नये म्हणून निघण्यापूर्वी मी ग्लासभर फळांचा रस पिते. या वयात हे झेपणारे नाही, असे घरचे म्हणतात. हे काही गंभीर आहे का? सराव सोडून द्यावा का? – एक वाचक

उत्तर : आपण वर्णन केलेली कळ नव्याने धावू लागलेल्यांना हमखास गाठणारी आहे आणि केवळ तिच्यामुळे सराव सोडण्याचे कारण मला दिसत नाही. धावपटू तिला ‘स्टिच’ म्हणतात, आपण कुशीत चमक भरली असे म्हणतो. ती वयाची किंवा दुबळेपणाची खूण नाही. उलट, वाढत्या वयाबरोबर ही तक्रार कमी होत जाते असे आढळले आहे, आणि वर्षानुवर्षे स्पर्धा गाजवणाऱ्या खेळाडूंनाही ती अधूनमधून सतावते.

तरीही आपले वय लक्षात घेता एक गोष्ट आधी स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘श्रम केले की दुखते, थांबले की जाते’ हे वर्णन हृदयाला रक्त अपुरे पडल्याने होणाऱ्या वेदनेलाही लागू पडते. ती वेदना नेहमी छातीतच जाणवते असे नाही, कधी ती पोटाच्या वरच्या भागात मधोमध जाणवते. कुशीतली चमक बहुधा एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी आणि टोचणारी असते, तर हृदयाची वेदना बहुधा दाबल्यासारखी आणि पसरट असते. पण हा फरक घरच्या घरी ठरवत बसण्याचा नाही. चाळिशीनंतर नव्याने धावायला लागताना डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावे, आणि आपण अजून तसे केले नसेल तर ते याच आठवड्यात करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कळेसोबत छातीत दडपण, हातात किंवा जबड्यात दुखणे, घेरी अथवा दरदरून घाम ही लक्षणे दिसली तर वाट न पाहता तातडीने रुग्णालयात जावे. विश्रांती घेऊनही न थांबणाऱ्या किंवा तापासोबत आलेल्या पोटदुखीलाही स्टिच समजून अंगावर काढू नये.

ही चमक नेमकी कशामुळे भरते, याचा निर्विवाद उलगडा अद्याप झालेला नाही. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, रक्त कमी पडते असे पूर्वी मानले जाई. धावताना बसणाऱ्या हिसक्यांनी यकृत आणि जठर यांना धरून ठेवणारे बंध ताणले जातात, असेही एक मत होते. डॅरन मॉर्टन आणि रॉबिन कॅलिस्टर या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सहा खेळांतील ९६५ खेळाडूंना प्रश्न विचारले होते. आदल्या वर्षभरात ही वेदना अनुभवलेल्यांचे प्रमाण धावणाऱ्यांत ६९ टक्के होते, पण पोहणाऱ्यांत ते ७५ टक्के आणि घोडेस्वारांत ६२ टक्के निघाले. पाण्यात हिसके बसत नाहीत आणि घोड्यावर बसलेल्याला धावणाऱ्याइतकी धाप लागत नाही. त्यामुळे दोन्ही जुनी स्पष्टीकरणे अपुरी ठरतात. पोटाच्या पोकळीला आतून असलेले नाजूक अस्तर चोळले जाऊन चुरचुरते, हे स्पष्टीकरण मला त्यातल्या त्यात पटते. भरलेल्या जठरामुळे हे घर्षण वाढते, आणि या अस्तराचा श्वासपटलाखालचा भाग व खांदा यांच्या संवेदना मानेतून निघणाऱ्या एकाच मज्जातंतूशी जोडलेल्या असल्यामुळे काहींना चमक भरली की खांद्याचे टोकही दुखते.

म्हणूनच आपल्या पत्रातली सर्वांत उपयोगाची माहिती मला त्या ग्लासभर रसात दिसते. साखरेचे प्रमाण जास्त असलेली पेये जठरात अधिक वेळ रेंगाळतात, आणि पाण्याच्या तुलनेत फळांच्या रसाने ही वेदना अधिक होते, असे प्रयोगांतही दिसले आहे. तो रस धावून आल्यावर घ्यावा. निघण्यापूर्वी तहान लागलीच तर दोन-चार घोट साधे पाणी पुरेसे आहे. मात्र चमकेच्या भीतीने पाणीच तोडणे चुकीचे ठरेल. भरपेट जेवण आणि धावणे यांत किमान दोन-तीन तासांचे अंतर असावे. जेवण तेलकट असेल तर त्याहून अधिक.

दुसरे कारण बहुधा वेगाचे असावे. दहाव्या मिनिटाला कळ येते याचा अर्थ पहिली दहा मिनिटे आपण शरीराला सवय आहे त्याहून जोरात धावत असाल. पाच ते दहा मिनिटे भरभर चालून मगच धावायला लागावे, आणि शेजारच्या व्यक्तीशी धाप न लागता एक पूर्ण वाक्य बोलता येईल, इतकाच वेग ठेवावा. सुरुवातीला एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे आलटून पालटून केले तरी तो सरावच आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही. पाठीला पोक काढून धावणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो, तेव्हा खांदे सैल आणि पाठ ताठ ठेवावी.

एवढे करूनही चमक भरलीच, तर धावणे थांबवून चालू लागावे. दुखऱ्या जागी दोन बोटे टेकवून हळूच पण ठाम दाबावे, पोटाचे स्नायू आवळून किंचित पुढे वाकावे आणि खोल श्वास घेऊन गरम दुधावर फुंकर घालावी तसा ओठ आवळून सावकाश बाहेर सोडावा. काहींना त्या बाजूचा हात डोक्यावरून विरुद्ध बाजूला नेऊन कूस ताणल्याने आराम पडतो. डावा पाय टेकताना उच्छ्वास सोडावा असा सल्लाही आपल्या कानावर येईल. करून पाहण्यास हरकत नाही, पण माझी भिस्त त्यापेक्षा वेग कमी करण्यावर आहे. कळ पूर्ण ओसरल्याशिवाय पुन्हा धावू नये, आणि धावाल तेव्हा आधीपेक्षा हळू धावावे.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की पुढचे पंधरा दिवस रस बंद ठेवून आणि वेग निम्म्यावर आणून पाहावे, आणि रोज काय खाल्ले, किती वेळापूर्वी खाल्ले, कळ कितव्या मिनिटाला आली हे एका वहीत लिहावे. त्यानंतरही ती त्याच जागी, तितक्याच जोराने येत राहिली, तर ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांना भेटावे.