पडलेल्या फणसाच्या फळ्या घरीच काढता येतील का?

प्रश्न : वळवाच्या वाऱ्यात परसातला जुना बरका फणस मुळासकट पडला. खोड सात फूट लांब, बावीस इंच रुंद आहे. घरापर्यंत ट्रक येत नाही, म्हणून वखारीत नेता येत नाही. भावाकडे 45 सीसीचा चेनसॉ आहे. त्याला फळ्या काढायची फ्रेम बसवून गणपतीपर्यंत झोपाळा आणि जेवणाचं टेबल होईल का?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : हे खोड तुम्ही सरपणात घालवलं नाहीत, याचा मला फार आनंद झाला. फणसाचा जून, पिवळा गाभा वर्षागणिक तपकिरी होत जातो आणि वाळवी त्याला सहजी लागत नाही. मात्र करवत लावण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी परवानगीचं विचारा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत फणस आहे.

भावाचं मशीन यासाठी नको. आडवं कापताना इंजिनावर थोडाच वेळ जोर येतो. उभं चिरताना सात फूट सलग पूर्ण थ्रॉटल लागतो. लहान इंजिन तापून पिस्टन धरतो. 80-90 सीसीचं मशीन आणि निदान 30 इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) भाड्यानं आणा, कारण बारचे काही इंच फ्रेमच्या पकडीतच जातात. चेनही चिरण्याचीच घ्या. तिचे दात 10 अंशांत घासलेले असतात, नेहमीच्या चेनचे सुमारे 30 अंशांत.

खरा जीव ओता तो पहिल्या कापात. फ्रेम ज्यावरून सरकते त्याचीच नक्कल खाली उतरते. पहिला काप पिळला, तर तोच पीळ शेवटच्या फळीपर्यंत जातो. म्हणून गोल ओंडक्यावर सरळ शिडी स्क्रूनं घट्ट बसवा, दोन्ही टोकांना लेव्हल लावा आणि दोरी ताणून मधला झोळ बघा. काप स्क्रूच्या टोकांखालून जाईल एवढी फ्रेम खाली घ्या. परसातल्या झाडात कपडे वाळत घालायच्या तारेचे खिळे असतात, तेही आधी शोधून उपटा.

ओंडक्याला थोडा उतार द्या, म्हणजे मशीन ढकलावं लागत नाही. मागून पाचरी सारत चला, नाहीतर फळीच्या वजनानं बार दाबला जातो. भुशाऐवजी पीठ पडू लागलं की थांबून चेनला कानस मारा. कानांवर, डोळ्यांवर, नाकावर संरक्षण हवंच. तासन् तास धूर तोंडाशी असतो.

टेबलाच्या फळ्या दोन इंची ठेवा. दर कापाला 8-10 मिलिमीटर लाकूड भुसा होतं, त्यामुळे पातळ फळ्या परवडत नाहीत. मधल्या फळीतली नाळ (खोडाच्या केंद्रातला मऊ भाग) ठेवू नका, तिथूनच तडा जातो.

टोकांना त्याच दिवशी मेण किंवा ऑइलपेंट लावा. पडवीत, जमिनीपासून फूटभर वर, दर दीड फुटावर इंची पट्ट्या घालून फळ्या रचा. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक आल्या पाहिजेत.

गणपतीचा बेत मात्र सोडा. उघड्यावर वाळायला साधारण इंचाला एक वर्ष धरतात, आणि मध्ये कोकणातला पाऊस आहे. झोपाळ्याची फळी दीड इंची चिरून खालून आडव्या पट्ट्यांचा आधार द्या. ती टेबलाआधी हाती येईल.