एलजीबीटी होतं ते एलजीबीटीक्यूआयए+ कधी झालं? अक्षरं का वाढतायत?

अहो एका दिवसात नाही झालं. आधी अमेरिकेत नुसतं 'गे' म्हणायचे, मग लेस्बियन बायका म्हणाल्या की त्यात आम्ही दिसतच नाही, म्हणून एल आलं, पुढे बाय (स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असणारे) आणि ट्रान्स (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आपलं न वाटणारे) धरून १९९०च्या दशकात एलजीबीटी रुळलं. क्यू म्हणजे क्वीअर, ही आधी चक्क शिवी होती, लोकांनी तीच उचलून स्वतःची ओळख केली (काही जण क्यू म्हणजे क्वेश्चनिंग, अजून शोधतोय, असंही धरतात). आय इंटरसेक्स (जन्मतः शरीर ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात न बसणारे), ए असेक्शुअल (लैंगिक आकर्षण न वाटणारे), आणि + म्हणजे यात न आलेले बाकीचे. कॅनडात तर सुरुवातीलाच '२एस' लावतात, म्हणजे टू-स्पिरिट (स्त्री आणि पुरुष दोन्ही आत्मे असलेला), हा शब्द तिथल्या मूलनिवासींनी १९९० साली विनिपेगच्या मेळाव्यात घेतला.

आपल्याकडे मात्र ही अक्षरं सगळ्यांना बसत नाहीत. हिजडा किंवा जोगता (यल्लम्मा देवीला वाहिलेला) ही नुसती 'टी' नाही, त्यात गुरू-चेला, जोगत्याच्या डोक्यावरचा यल्लम्माचा 'जग' (देवीचा मुखवटा किंवा मूर्ती ठेवलेली टोपली), जोगवा असं सगळं येतं, ते एका अक्षरात कसं मावणार? मराठीत समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी चालतं, पण उभयलिंगी म्हणजे बायसेक्शुअल की इंटरसेक्स यात लोकांचा हमखास घोळ होतो. मी लिहिताना एलजीबीटीक्यू+ वापरतो, आणि समोर माणूस असेल तर सरळ त्यालाच विचारतो.